तांबडा मासा आणि सुटलेला माग



व्याख्यानमालेत कामगार कार्यकर्त्याला बोलावले म्हणजे तो वेतनावर बोलेल, महागाईवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून एका मित्राने काल विचारलेच, "अहो, हे मध्येच मासेबिसे काय काढलेत? मूळ गोष्ट सोडून भलतीकडेच?" आम्ही त्यांना म्हटले, की तुमच्या या प्रश्नातच आमच्या शब्दाचा अर्थ पुरा आला. मूळ गोष्टीवरून लक्ष उडवून ते भलत्याच गोष्टीकडे नेण्यासाठी जे काही पुढे टाकले जाते, त्याला इंग्रजीत 'रेड हेरिंग' म्हणतात. शब्दशः अर्थ तांबडा हेरिंग मासा. शिकारीच्या रानातून निघालेला हा शब्द आज वर्तमानपत्रात, न्यायालयात, संसदेत आणि चहाच्या टेबलावर सारखाच वावरतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे इंग्रजी आम्ही शिकलो ते नोटिसा, करारनामे आणि निवाडे वाचून. हा शब्द प्रथम कानी पडला तोही कामगार आयुक्तांच्या कचेरीत, समेटाच्या बैठकीत. मालकांचे वकील आमच्या एका मुद्द्याकडे बोट दाखवून म्हणाले, की हा निव्वळ रेड हेरिंग आहे. संध्याकाळी कोश उघडला तर त्यात मासा निघाला! बोनसच्या वाटाघाटीत मासा कुठून आला, हे कळेपर्यंत चैन पडेना. अशा रीतीने भाषा शिकणाऱ्याला ही खोड लागतेच. शब्दाचा अर्थ कळून त्याचे भागत नाही. तो कोणाच्या घरचा, कोणी कोणाविरुद्ध वापरला, हेही त्याला विचारावेसे वाटते.

मराठीत याला जवळचे प्रयोग पुष्कळ आहेत. 'बगल देणे' आहे, 'फाटे फोडणे' आहे, 'हूल देणे' आहे. परंतु बारकाईने पाहिले तर प्रत्येकाची चाल निराळी दिसते. बगल देणारा स्वतः बाजूला सरकतो. फाटे फोडणारा एका वाटेच्या दहा वाटा करतो आणि सर्वांनाच दमवतो. हूल ही त्यातल्या त्यात जवळची. पण हुलीत काहीच नसते, ती वाऱ्यावरची वार्ता. रेड हेरिंग टाकणारा जागचा हलत नाही, तो दुसऱ्याला हलवतो. आणि त्याच्या हातात मासा असतो. चांगला खरा, वास मारणारा मासा. खरा माग तो पुसत नाही, पुसण्याचे त्याला कारणही नसते. त्या मागावरून तो अधिक उग्र वासाची दुसरी रेघ ओढतो, एवढेच.

तेव्हा आधी मासा पाहू. हेरिंग हा उत्तर अटलांटिकमधला मासा. आपल्याकडची तारली त्याच्याच कुळातली, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगितले म्हणजे रूप डोळ्यांपुढे येईल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यार्मथ नावाचे बंदर या माशावरच शतकानुशतके जगले. हेरिंगचे थवेच्या थवे येत आणि एका हंगामात इतका मासा उतरे की तो टिकवणे हाच मोठा धंदा झाला. कडक खाऱ्या पाण्यात मुरवून तो धुरावर टांगीत आणि दिवसच्या दिवस धुरी देत. त्याने मांसाचा रंग तांबूस-तपकिरी होई, मासा लाकडासारखा घट्ट होई, महिनोन्‌महिने टिके, आणि वास असा सुटे की बोंबील वाळत घातलेल्या खळ्याशेजारून वारा आल्यासारखे वाटावे. हे गरिबांचे, खलाशांचे, शिपायांचे अन्न. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, तेव्हा तर त्याला फारच मागणी. ना मासा, ना मांस, ना चांगला तांबडा हेरिंग, अशी एक जुनी इंग्रजी म्हण आहे. साधूंचा मासा, संसारी माणसाचे मांस आणि गरिबाचा तांबडा हेरिंग, अशी तिची फोड करतात. म्हणजे कोणाच्याच ताटात न बसणारी वस्तू. जॅस्पर मेन नावाचा एक धर्मोपदेशक नाटककार १६७२ मध्ये वारला. त्याने नोकरासाठी एक पेटी ठेवून मृत्युपत्रात लिहिले, म्हणे, की हीत तुला प्यायला लावणारी वस्तू आहे. बिचाऱ्याने आशेने पेटी उघडली तर आत खारवलेला तांबडा हेरिंग! खाल्ला तर तहान लागणारच. मालकाचे विनोद हे असे असतात.

आता हा मासा शिकारीत कसा शिरला? सर्वसाधारण पुस्तकांत याचे उत्तर ठरलेले असते. तुरुंगातून पळालेला कैदी आपल्या मागावर सोडलेल्या कुत्र्यांना चकवण्यासाठी वाटेवर आडवा हेरिंग ओढी, त्यावरून हा शब्द आला, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, की कुत्र्यांनी भलत्या वासाला भुलू नये म्हणून शिकवताना शिक्षक मुद्दाम मासा ओढीत. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत, पण पुराव्याला उभ्या राहात नाहीत. पहिल्या गोष्टीत तर पळणाऱ्या कैद्याने वाटेत बाजारहाट केली असे धरावे लागते.

पुरावा जो आहे तो निराळेच सांगतो. टॉमस नॅश या लेखकाने १५९९ मध्ये यार्मथच्या या तांबड्या माशाची थट्टेने भरलेली स्तुती लिहिली, 'लेन्टन स्टफ' या नावाने. त्यात तो सांगतो, की कुत्र्यांना वासावर ओढून न्यायचे तर हेरिंगच्या कातडीची बरोबरी कशालाच नाही. ओढून न्यायचे, हे ध्यानात ठेवा, चकवायचे नव्हे. पुढे १६८५ मध्ये जेरार्ड लँगबेन याने घोडेस्वारीवर एक प्रबंध लिहिला. त्यात नवशिक्या घोड्याला शिकारीची सवय कशी लावावी ते सांगितले आहे. पन्नास-साठ कुत्र्यांचा गिल्ला, शिंगांचे आवाज, आजूबाजूला उधळलेले घोडे, यांनी तरणा घोडा बिचकतो. त्यासाठी तीन-चार मैल एक वास ओढून ठेवावा, कुत्री त्यावर सोडावीत आणि घोडा त्यांच्यामागे पिटाळावा. वासासाठी मेलेले मांजर चालेल, मेलेले खोकड चालेल, आणि अगदीच अडले तर तांबडा हेरिंग. (कोल्हा म्हणत नाही, कारण इंग्रजांचा 'फॉक्स' म्हणजे आपले खोकड. आपला कोल्हा निराळा. उटीच्या थंड हवेत साहेबलोक खोकड मिळेना म्हणून त्या कोल्ह्यामागेच कुत्री सोडीत.) म्हणजे शिक्षण घोड्याचे, कुत्र्याचे नव्हेच. पण कोणा कोशकाराने हे वाक्य घाईने वाचले, कुत्र्यांचे शिक्षण असा अर्थ लावला, आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात तो उतरत गेला. या शतकात काही अभ्यासकांनी मूळ पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा कुठे घोडा सापडला. दिशाभूल या अर्थाच्या शब्दाचा इतिहासच इतकी वर्षे आडरानात फिरत होता!

मग दिशाभूल हा अर्थ आला कुठून? तो आणला एका माणसाने, आणि त्याची तारीखही सांगता येते: १४ फेब्रुवारी १८०७. माणसाचे नाव विल्यम कॉबेट.

कॉबेटविषयी जरा विस्ताराने बोलायला श्रोत्यांनी आम्हांला मुभा द्यावी. तो सरे परगण्यातल्या फार्नम गावचा, १७६३ चा जन्म. बाप शेतकरी, शिवाय खानावळ चालवी. पोराचे पहिले काम म्हणजे शेतातली पाखरे हाकणे. अकराव्या वर्षी तो घरून निघून क्यूच्या बागेत काम मिळते का पाहायला चालत गेला. वाटेत रिचमंडला दुकानाच्या खिडकीत स्विफ्टचे एक पुस्तक दिसले, किंमत तीन पेन्स. खिशात तेवढेच पैसे. रात्रीच्या जेवणाऐवजी त्याने पुस्तक घेतले आणि गवताच्या गंजीच्या सावलीत अंधार पडेपर्यंत वाचत बसला. पुढे सैन्यात भरती झाला. रोजचा पगार सहा पेन्स. खाटेची कड हे बसायचे ठिकाण, पाठीवरची पिशवी हे पुस्तकांचे कपाट, आणि गुडघ्यावर ठेवलेली फळी हे मेज. दिव्याच्या तेलाला पैसे नसत म्हणून शेकोटीच्या उजेडात त्याने इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक तोंडपाठ केले. पुढे १८१८ मध्ये स्वतःच इंग्रजी व्याकरण लिहिले, ते शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगरामागची पोरे यांच्यासाठी. त्यात चुकीच्या वाक्यांचे नमुने म्हणून राजाची भाषणे दिली आहेत! आमच्यासारख्या रात्रीचा दिवा लावून शिकलेल्या माणसाला कॉबेट जवळचा वाटला तर आपण समजून घ्याल.

१८०२ पासून त्याने 'पोलिटिकल रजिस्टर' हे साप्ताहिक चालवले आणि १८३५ मध्ये मरेपर्यंत चालवले. १८०७ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी एकच जल्लोष केला, की नेपोलियनचा पराभव झाला. बातमी खोटी होती. पण ती खोटी ठरेपर्यंतचे दिवस सारा देश तिच्याच मागे धावला, आणि घरचे प्रश्न जागच्या जागी राहिले. कॉबेटला राग आला तो यावर. त्याने एक लहानपणची गोष्ट सांगितली. आम्ही पोरे असताना, तो म्हणतो, सशावर सोडलेली शिकारी कुत्री भलतीकडे न्यायची असली म्हणजे सशाच्या मागावरून तांबडा हेरिंग ओढून नेत असू. कुत्री त्या वासामागे जात. आणि ही बातमी म्हणजे राजकीय तांबडा हेरिंग होता, शनिवार येईतो त्याचा वास पार थंड झाला. मासा आणि राजकारण यांची सोयरीक जुळली ती येथे.

पोरपणची ती गोष्ट खरी घडली की कॉबेटने लेखाच्या रंगासाठी रचली, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. ती पोरे हे उद्योग का करीत? कॉबेटच सांगतो, की तो ससा त्यांनी मनाशी आपला ठरवलेला असे. कुत्री लांब गेली की ससा पोरांचा.

या सशात काय आहे, असे वाटेल. फार आहे. त्या काळच्या इंग्लंडात ससा मारण्याचा हक्क सर्वांना नव्हता. १६७१ च्या कायद्याप्रमाणे ज्याची वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल, किंवा जो बड्या घराण्याचा वारस असेल, अशाच कोणाला ससा, तितर, चकोर यांची शिकार करता येई. खेड्यापाड्यांच्या मतदारसंघांत पार्लमेंटचे मत द्यायला चाळीस शिलिंगांची, म्हणजे दोन पौंडांची जमीन पुरत असे. राज्याचा कारभार कोणी करावा हे ठरवायला दोन पौंड आणि ससा मारायला शंभर; पन्नास पट! स्वतःच्या शेतातला कोबी खाणारा ससाही लहान शेतकऱ्याला मारता येत नसे. १८१६ च्या कायद्याने तर रात्री जाळे घेऊन सापडलेल्या माणसाला सात वर्षे समुद्रापार हद्दपार करण्याची तरतूद केली. मोठ्या युद्धानंतर मजुरी घसरली होती, भाकरी महाग होती, घरात पोरे उपाशी होती, आणि कुंपणापलीकडे ससा उड्या मारीत होता. १६७१ चा तो कायदा रद्द व्हायला १८३१ साल उजाडले.

आता पुन्हा त्या पोरांकडे पाहा. कुत्री जमीनदारांची, घोडे जमीनदारांचे, कायदा जमीनदारांचा. पोरांच्या हाती काय, तर गरिबाच्या ताटातला वाळका मासा. त्या माशाने ती कुत्र्यांचा सारा ताफा वळवीत. म्हणजे मुळात हा डाव दुबळ्याचा, बलवानाविरुद्धचा. आणि कॉबेटने त्याचा दृष्टांत केला त्याच वाक्यात तो डाव उलटला. आता कुत्र्यांच्या जागी जनता आली, आणि मासा ओढणारे हात आले वर्तमानपत्रवाल्यांचे व त्यांच्या पाठीशी असणाऱ्या सत्तेचे. ससा अर्थातच त्यांचा. पुढची दोनशे वर्षे हा शब्द बहुतेक याच दुसऱ्या अर्थाने चालला. पोरांचा मासा थोरांनी पळवला, असे आम्ही म्हणू. शब्दांच्या दुनियेतही मालकी अशी बदलते.

कॉबेटला याचा अनुभव लवकरच यायचा होता. १८०९ मध्ये ईली गावी नागरी पलटणीतल्या काही शिपायांनी गडबड केली. कारण काय, तर पाठीवरच्या पिशवीचे पैसे पगारातून कापले. पगारातली कपात! आमच्यासारख्यांना कान टवकारायला एवढे पुरे. जर्मन घोडदळ बोलावून त्यांना दाबले आणि म्होरक्यांना पाचशे फटक्यांची शिक्षा ठोठावली. कॉबेटने यावर जळजळीत लिहिले. सरकारने त्याच्यावर राजद्रोही लिखाणाचा खटला भरला. १८१० मध्ये दोन वर्षे न्यूगेटचा तुरुंग आणि एक हजार पौंड दंड झाला. न्यायालयात खल झाला तो कॉबेटच्या शब्दांचा. पिशवीचे पैसे कापणे बरोबर होते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

येथे शिकारीचा एक तपशील सांगायला हवा, कारण आमच्या धंद्यात त्याचा रोज उपयोग होतो. कुत्रा शिकारीमागे धावतो तो नाकाने. जनावराच्या पावलांचा, अंगाचा वास जमिनीवर व गवतावर राहतो. तोच माग. (आमचे निम्मे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले, त्यामुळे 'माग' म्हटला की आम्हांला आधी दुसराच ऐकू येतो.) दव असले तर वास टिकतो, ऊन चढले की उडतो. मेंढरांचा कळप आडवा गेला, रस्ता लागला, की माग तुटतो. कुत्री थबकतात, घोटाळतात. अशा वेळी कुत्र्यांचा अनुभवी चालक ओरडाआरडा करीत नाही. वास निश्चित होता अशी जी शेवटची जागा, तेथे तो त्यांना परत आणतो, आणि तेथून अर्धवर्तुळाने फिरवून माग पुन्हा धरवतो. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात तांबड्या हेरिंगचीच परीक्षा केली होती. माग काढणारा कुत्रा माशापाशी थांबला, त्याने मासा चक्क खाल्ला, थोडा वेळ माग सुटला. मग तो मागे फिरला, माग धरला आणि माणूस शोधून काढला. कुत्र्याची जात शहाणी. माणसे मात्र मासा खाऊन झाल्यावर त्याच्या काट्यांवरून भांडत बसतात.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. एका कारखान्यात जादा तासांच्या दराचा वाद होता. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागे, आणि तेथे तो मिळत नव्हता. पहिल्या बैठकीत हजेरीपटावरून जादा तासांची बेरीज दोन्ही बाजूंनी मान्य केली. दुसऱ्या बैठकीत व्यवस्थापकांनी सहज विचारल्यासारखे विचारले, की कामगारांच्या सायकली आणि मोटारसायकली फाटकाच्या डाव्या बाजूला लावाव्यात की उजव्या? झाले! आमचेच लोक सरसावले. डावीकडे ऊन लागते, उजवीकडे चोरी होते, पहिल्या पाळीचे लोक जागा अडवतात, दुसऱ्या पाळीवर नेहमीच अन्याय होतो. दोन बैठका सायकलींत गेल्या, पाळ्यापाळ्यांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली, आणि व्यवस्थापक शांतपणे चहा मागवीत होते. प्रश्न खोटा होता काय? मुळीच नव्हता, ऊन खरे होते आणि चोरीही. तिसऱ्या बैठकीत आम्ही इतकेच सांगितले, की पहिल्या बैठकीचे टिपण काढा आणि शेवटी काय मान्य झाले ते वाचून दाखवा. टिपण वाचले गेले. तासांची बेरीज कागदावर होती, सह्या होत्या. तेथून पुढे बोलणे सुरू झाले. संघटनेच्या नव्या पोरांना आम्ही जे दोन-चार धडे देतो, त्यात एक हा, की प्रत्येक बैठकीचे टिपण त्याच दिवशी सह्या करून घ्यावे. वास कधीतरी उडून जातोच, कागद राहतो.

आणि हा मासा मालकच ओढतात असे समजू नका. वर्गणीचा हिशोब मागितला की अंतर्गत शत्रूंविषयी भाषण ठोकणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. निवडणूक जवळ आली की नगरपालिकेत नळाच्या पाण्याऐवजी चौकाच्या नावावर रात्ररात्र सभा चालतात, हे तर आपण सर्वच पाहतो. खुद्द इंग्लंडात २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार बंद झाली. त्यानंतर शिकारमंडळे जमिनीवर कृत्रिम वास ओढून त्यामागे कुत्री सोडू लागली. या ओढलेल्या वासाच्या आड खरी शिकार चालते असा विरोधकांचा आरोप. लँगबेनच्या मेलेल्या मांजराची आठवण व्हावी, असा हा प्रकार.

येथवर शब्द सरळ आहे. पण त्याची एक दुसरी धार आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हांला खाली बसता येणार नाही. दुसऱ्याच्या मुद्द्याला रेड हेरिंग म्हणणे फार सोपे असते. म्हटले की तो मुद्दा विनाचौकशी बाहेर जातो. ५ ऑगस्ट १९४८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना एका वार्ताहराने विचारले, की काँग्रेसमध्ये चाललेला हेरांचा गाजावाजा हा महागाईवरून लोकांचे लक्ष उडवण्यासाठीचा रेड हेरिंग आहे, असे आपल्याला वाटते काय? ट्रूमन हो म्हणाले. महागाईचा प्रश्न खरा होता आणि काँग्रेस तो टाळीत होती, यात त्यांचे चूक नव्हते. पण त्याच चौकशीतून निघालेल्या प्रकरणात अॅल्जर हिस या बड्या अधिकाऱ्याला १९५० च्या जानेवारीत खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवले गेले, आणि मग विरोधकांनी तो मासा ट्रूमन यांच्याच दारात वर्षानुवर्षे टांगून ठेवला.

कॉबेटचे याहून वाईट. १८२३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्या विल्बरफोर्सला त्याने उघडे पत्र लिहिले. इंग्लंडातला शेतमजूर उपाशी मरत असता हे लोक समुद्रापलीकडच्या गुलामांसाठी रडतात, असा त्याचा आक्षेप, आणि त्यात त्याने कृष्णवर्णीयांविषयी अतिशय हीन भाषा वापरली. ज्यूंविषयीही तो असेच लिही. इंग्लंडातला शेतमजूर उपाशी होता, हे खरे. पण ज्याच्या पाठीवर चाबूक पडत होता त्याचे दुःख हे कोणाचे लक्ष उडवण्यासाठी ओढलेला मासा नव्हते. तो दुसरा माग होता, तितकाच ताजा. ज्याने हा शब्द घडवला त्यालाच हा फरक कळला नाही. कॉबेटविषयी आमच्या मनात जो आदर आहे, तो हे झाकून ठेवण्याइतका नाही.

हा फरक आमच्यासमोर एका बाईंनी जितका स्पष्ट केला तितका कोणत्याच पुस्तकाने केला नाही. माल भरण्याच्या एका खात्यात कंत्राटी स्त्रिया कामाला होत्या. मागणीपत्र तयार करण्याची सभा होती, सभेत बहुतेक पुरुष. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, की बायकांसाठी संडास नाही, ही मागणी पहिल्या पाचांत घ्या. दोन-तीन जाणते कार्यकर्ते लगेच म्हणाले, "ताई, मूळ प्रश्न पगारवाढीचा आहे. संडासाचे मालक उद्या कबूल करतील आणि पगारवाढ त्याच्याखाली दडपतील. हे विषयांतर होते आहे." आता तर्क म्हणून यात काही चूक नव्हती; असे होताना आम्ही सर्वांनीच पाहिले होते.

बाई खाली बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही आठ तासांत चार वेळा उठता. आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. दुपारनंतर हात चालत नाहीत, पेट्या कमी भरतात, आणि पेटीवर पैसे आहेत. तुम्ही सांगा, हा पगाराचा प्रश्न नाही तर कशाचा?"

सभा गप्प झाली. आम्ही हिशोब मांडायला सांगितला. बायकांच्या सकाळच्या आणि दुपारच्या पेट्यांचे आकडे त्यांच्याच वह्यांत होते. एका आठवड्याचे आकडे फळ्यावर लिहून झाले तेव्हा विषयांतर म्हणणाऱ्यांपैकीच एकाने खडू घेतला आणि ती मागणी दुसऱ्या क्रमांकावर लिहिली. पहिल्या क्रमांकावर पेटीचा दर होता. दोन्ही मागण्या एकाच तक्त्याखाली, त्याच आकड्यांनिशी गेल्या, म्हणून एक देऊन दुसरी दडपणे समोरच्यांना जमले नाही. दराचा निकाल लागायला सात महिने गेले. संडास त्याच्या आधी झाले. तीन बांधले, त्यांतल्या एकाला कडी नव्हती. बाईंनी ते टिपणात लिहून घ्यायला लावले आणि पुढच्या महिन्यात कडी बसली.